सोप्याची कोय

बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं. त्याचा अर्धा भाग कुरडयांनी भरला होता, अर्धा अजून कोरा होता. पातेल्यातला गव्हाचा चीक वाफाळत होता. हाताला चटका बसेल इतका गरम असतो तोवरच चीक साच्यातून उतरतो, एकदा निवला की त्याचा दगड होतो. म्हणून कुरडया घालायला बसलेली बाई घराला आग लागली तरच उठते असं आंजी गावात म्हणतात. भागीरथा उठली, ती गोठ्याच्या टिनावर टप्प असा एक आवाज झाला म्हणून.

"काय पडलं वं, भागू?" ओसरीवरून आईनं विचारलं. रुख्माबाईंना आता दिवस आणि रात्र एवढंच दिसत होतं, पण कान शाबूत होते.

"काई नाई माय. माकड असन."

साचा हातात तसाच घेऊन ती गोठ्यामागं गेली. टिनावरून घरंगळून आंबा शेणाच्या ढिगाजवळ पडला होता. देठाजवळ पिवळा, खाली हिरवा. पाड लागला होता, झाडावरच पिकायला लागला होता. बारा वर्षं आणि वर काही महिने तिनं ज्याची वाट पाहिली तो हा पहिला पाड. तिनं तो पदराला पुसला, देठाशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

आंब्याचा वास होता. नुसता आंब्याचा.

तळेगावला, श्यामजी पंताच्या तळेगावला, तिच्या वडिलांच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक झाड होतं. गावरान आंब्याच्या प्रत्येक झाडाला तिकडे नाव असतं, कोणी शेंदऱ्या, कोणी साखऱ्या, कोणी दाडक्या. अण्णाजींचं झाड सोप्या. त्याचा आंबा मुठीत मावेल एवढाच, पण चोखला की जेवणानंतर बडीशेप खाल्ल्यासारखा तोंडभर सोपेचा वास यायचा. पाड पडला की बांधापलीकडच्या माणसाला कळायचं. अण्णाजी कडक माणूस, कोणाला वांगं सुद्धा फुकट द्यायचे नाहीत, पण सोप्याचे आंबे गावभर वाटायचे. बाकी त्यांच्याजवळ वाटण्यासारखं फार नव्हतं. एकुलती एक लेक होती, तीही पंधराव्या वर्षी आंजीच्या वासुदेवरावांना देऊन टाकली.

एकाहत्तर साली मृगाच्या तोंडावर अण्णाजी गेले. तेरवीला गेलेल्या भागीरथेनं घरात उरलेल्या टोपलीतले शेवटचे आंबे पाहुण्यांना वाढले आणि ताटातल्या पाच कोया धुऊन पदराला बांधून आणल्या. मागच्या आवारात, विहिरीच्या अंगाला, पाच आळी केली. चार कोया कुजल्या. एक उगवली. तांबूस, ओल्या पानांचं रोपटं मातीतून वर आलं तेव्हा तिनं हळदकुंकू वाहिलं आणि कोणाला न सांगता नमस्कार केला, मोठ्या माणसाला करतात तसा.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. माणसांच्या पाण्याची मारामार होती. तरी रोपट्याला रोज एक तांब्या मिळत होता. पण भांड्यांचं खरकटं पाणी तिनं त्याला कधी घातलं नाही. देवाच्या स्नानाचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, एकादशीला तुळशीचं उरलेलं. वासुदेवराव हसायचे.

"माहे सासरे जिवंत होते तेव्हा त्यांच्या पायावर एवढं पानी नाई टाकलं तुनं."

"तेव्हा माही माय होती ना पानी द्याले," ती म्हणायची आणि तांब्या घेऊन निघायची.

खरी चूक झाली ती त्याच साली. तिला ती कोणी करायला लावली नव्हती.

गावात चिंधू नावाचा माळी होता. तरुणपणी पवनारच्या एका बागेत काम करून आलेला, हाताला गुण असलेला माणूस. भेंडीचं बी मागायला आला तेव्हा त्यानं रोपटं पाहिलं. शिसपेन्सिलीएवढी जाड काडी झाली होती.

"कोनता आंबा हाय हा?"

"सोप्या. माह्या बाबाचा."

"कोय लावली का कलम?"

"कोय."

चिंधूनं कानातली विडी काढली, पुन्हा कानात ठेवली. "मंग हा सोप्या नाई, बाई. कोय म्हंजे लेकरू. लेकरू बापावानी निंघनच असं हाय काय? पाह्यजे असन त तळेगावच्या झाडाची काडी आना, पानी पडलं की. या रोपाचा शेंडा छाटतो अन वरतं ती काडी बांधून देतो. मंग येईन सोप्या."

भागीरथा रोपट्याच्या आडवी उभी राहिली. वडिलांच्या कोयीतून वर आलेलं रोप. त्याचं मुंडकं छाटायचं?

"माह्या बापाच्या मानेवर तू कोयता चालवशीन?"

"बाप तिकडे हाय, बाई. हा इकडचा त नातू."

"अन कोय खोटं बोलते काय? मी माह्या बापाचीच लेक हाव. तळेगावात कोनीबी माहं तोंड पाहून सांगते, ही अण्णाजीची पोरगी."

चिंधूला बायांशी वाद घालायची हौस नव्हती. "तोंड बापाचं हाय," तो म्हणाला, "पन तुमच्या हातची भाजी तुमच्या बापासारखी लागते का?" आणि भेंडीचं बी घेऊन गेला. जाताना एवढं सांगितलं की शंका असेल तर पान चुरगाळून पाहा, सोप्याच्या पानालाही सोपेचाच वास येतो.

तिनं पान चुरगाळलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. सणाला तोरणासाठी पानं तोडायची तेव्हा देठाला धरून अलगद तोडायची, जणू त्यांच्यात उकळतं पाणी भरलं आहे.

तेव्हा तळेगावचं झाड उभं होतं. आंजीहून आर्वी, आर्वीहून तळेगाव, सकाळी निघालं तर दुपारी काडी घेऊन परत येता आलं असतं. एक पावसाळा असाच गेला. चौऱ्याहत्तरला तिचा चुलतभाऊ महादेवराव, ज्याच्याकडे अण्णाजींचं शेत वहिवाटीनं गेलं होतं, त्यानं झाडावर करवत फिरवली. सावलीखाली पराटी, म्हणजे कपाशी, धरत नाही म्हणून. वाईट माणूस नव्हता तो. पराटी सावलीत धरत नाही हे खरंच आहे.

बातमी कळली तशी भागीरथा चिंधूकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा माळ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चिंधूभाऊ, कापून महिना झाला म्हंते. बुडाले धुमारे फुटले असन. त्याची काडी चालन का?"

"धुमारा असन त चालन. फळीवर कलम बसत नाई, बाई."

ती तळेगावला गेली. बूड खणून काढलं होतं, खड्डा बुजवला होता, त्यावर पराटीची दोन-दोन पानं वर आली होती. ओळी इतक्या सरळ की झाड नेमकं कुठं होतं ते तिला सांगता येईना.

त्यानंतरची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे आखाजीला घरोघरी पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, गार पाणी, वर आंबा किंवा खरबूज, पळसाच्या पत्रावळीवर रस, कुरडई, वडे. तोवर घरातलं कोणी आंब्याला तोंड लावत नाही. आधी गेलेल्यांनी खायचं, मग असलेल्यांनी. महादेवरावानं आपलं कर्तव्य केलं, घागर भरली, वर बाजारातला आंबा ठेवला. रुख्माबाईंना तेव्हा दिसत होतं. त्यांनी आंबा पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्याले हा आंबा चालत नाई."

भागीरथा तिथंच होती. आईची समजूत घालायला ती बोलली. त्याच्याइतकं महाग वाक्य ती पुढं कधी बोलली नाही. "माय, माह्या आवारात बाबाचीच कोय लावली हाय. येईन ना त्याले सोप्या. मी आनून देईन."

"येईन?"

"येईन."

"मंग तो येऊन त्याच्या घागरीवर ठेवल्याशिवाय मी आंबा तोंडात घालत नाई," रुख्माबाई म्हणाल्या. पाणी सोडलं नाही, देवाची शपथ घेतली नाही. पुढं दोन वर्षांनी डोळे गेले आणि लेक त्यांना आंजीला घेऊन आली. लेकीच्या घरचं अन्न खावं लागतं म्हणून म्हातारीनं स्वतःचा तांब्या आणि ताटली सोबत आणली, तेवढंच आपलं. तेव्हापासून तळेगावची घागरही भागीरथाच भरायची, तुळशीपाशी, नवऱ्याच्या घरच्या घागरीच्या बाजूला, खाली ठेवून. वर काय ठेवायचं हे आई सांगायची. "खरबूज ठेव. आंबा आपला येईन तेव्हा ठेवू." घरात रसाची पंगत बसायची, म्हातारी चिंचवणीशी पोळी खायची. जावई आग्रह करायचे, नाती हातात फोड घेऊन मागं लागायच्या. ती नको म्हणायची. भागीरथा थोडाच रस वाढून घ्यायची, अजिबात न प्यावा तर कारण सांगावं लागलं असतं.

झाड वाढत गेलं. उंच, सरळ, पानांनी गच्च. पण मोहोर काही येईना.

"एवढं पानी पाजता झाडाले," शेजारची आनंदाबाई भिंतीवरून म्हणायची, "तुमच्या मोठीले दोन पोट्टे झाले तोवर. तुमच्या झाडाले एक कैरी होत नाई म्हंजे बाई कमालच हाय."

"होईन."

"ग्रहनात मुसळानं मारा त्याले. भेव दाखवल्याशिवाय झाड फळत नाई."

ऐंशी साली माघातल्या अवसेला सूर्यग्रहण लागलं. भर दुपारी ऊन राखेसारखं झालं, चिमण्या गोठ्याच्या वाशांवर येऊन बसल्या. सगळं गाव दारं लावून आत होतं. भागीरथा देवघरात जप करत बसली होती, ती उठली, उखळातलं मुसळ उचललं आणि मागं गेली. झाडापुढं उभी राहिली. चांगलं तीनदा हाणायचं असतं. तिनं मुसळ खोडाला तीनदा लावलं, टेकवलं म्हणा, आणि हळूच म्हणाली, "बाबा, माय म्हातारी झाली." मग आंघोळ करून पुन्हा जपाला बसली.

ब्याऐंशीला पहिला मोहोर आला. धुक्यानं जळाला. त्र्याऐंशीला आला, फाल्गुनात गारा पडल्या, आवारात बोटाएवढ्या कैऱ्यांचा सडा. तिनं त्या वेचल्या, पण लोणचं घातलं नाही, झाडाच्या आळ्यातच पुरल्या. आनंदाबाईला वाटलं, ही आता वेडी होणार. चौऱ्याऐंशीला मोहोर टिकला. वीस-पंचवीस कैऱ्या धरल्या. चैत्रापासून रुख्माबाई रोज विचारायच्या, "पाड लागला का वं?" आणि भागीरथा रोज सांगायची, "अजून नाई." उद्या आखाजी होती.

गोठ्यामागं उभी असताना तिनं आणखी एकदा वास घेतला. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. पन्नाशीला आलेली बाई, कधी एकादशी मोडली नाही, पोथीचा अध्याय चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचणारी, तिनं आखाजीच्या आदल्या दिवशी आंब्याचं देठ दातानं तोडलं, चीक पिळून टाकला आणि आंबा तोंडाला लावला. उभ्यानं, शेणाच्या ढिगाजवळ.

गोड होता. कोयीजवळ आंबट. धागे फार. चांगला आंबा होता, कोणीही खाल्ला असता. सोपेचा वास मात्र कुठंच नव्हता. मग ती झाडाखाली गेली, एक पान तोडलं आणि बारा वर्षांनी तळहातावर चुरगाळलं. आडात नसलेलं पोहऱ्यात कुठून यावं?

वासुदेवराव विहिरीवरून हातपाय धुऊन आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. त्यांनी तिच्या हातातली अर्धवट कोय पाहिली आणि समजायचं ते समजले.

"नाई निंघाला?"

तिनं मान हलवली.

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. चांगला माणूस, पण प्रत्येक दुखण्यावर एक घरगुती औषध असतंच अशी त्यांची समजूत. "बुढीले काय समजते आता? परवा वरनात मीठ नव्हतं तरी खाल्लं तिनं. रसात चिमूटभर सोप टाक कुटून. सांग, हाच तुहा सोप्या. दहा वर्सांनी तोंड त गोड होईन तिचं."

"अन बाबाच्या घागरीवर?"

"तुहा बाप सांगाले येनार हाय काय?"

ती आत गेली. आईशी खोटं बोलणं पाप होतं, पण ते आपल्या डोक्यावर घेता आलं असतं. मेलेल्या माणसापुढं खोटा आंबा ठेवायचा, हे कोणाच्या डोक्यावर ठेवणार? असा विचार करत करतच तिनं डब्यातून सोप काढली, तव्यावर किंचित भाजली आणि खलात घातली. हात आपोआप चालत होते. दोन-तीन ठोके झाले असतील.

"सोप काऊन कुटून राह्यली वं?" ओसरीवरून आवाज आला.

खल थांबला.

"तुह्या जावयाचं पोट दुखून राह्यलं."

"त्याच्या पोटाले ओवा लागते. सोप नाई."

बाहेर बाजेवर कुरडयांवर माश्या घोंगावत होत्या.

"पाड पडला, नाई का," रुख्माबाई म्हणाल्या. "सकाळीच पडला. माकड असतं त दुसऱ्यांदा उडी मारलीच असती. एकच टप्प झालं. इकडे ये."

ती गेली. आधी मागं जाऊन झाडावरचा दुसरा एक पाडाला आलेला आंबा तोडला, तो सोबत नेला. रुख्माबाईंनी तो हातात घेतला, अंगठ्यानं दाबला, मुठीत धरून पाहिला. मूठ मिटली नाही. नाकाजवळ नेलाच नाही.

"मोठा हाय."

"हो."

"तुहा बाप यायले लहानलहान म्हनून हसे. चार आंबे एका हातात घेऊन दाखवे." त्यांनी आंबा परत दिला. "तू खाल्ला?"

"हो."

"आखाजीच्या आधी?"

"हो, माय."

"कसा हाय?"

"गोड हाय. कोयीजवळ आंबट."

म्हातारीनं मांडीवरच्या लुगड्याची घडी सरळ केली, मग पुन्हा केली. भागीरथेला वाटलं आता ती रडेल, किंवा रागवेल, आणि दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

"माय, तू आता आंबा खात जा. कशाले बसली? तो आंबा जगात नाई राह्यला."

"मी त्याले सांगतलं हाय." मग तक्रार नाही अशा आवाजात, पाऊस पडला होता असं सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "तू येईन म्हनली नसती त मी तसं म्हनलीच नसती, भागू."

ओसरीवर ऊन आलं होतं. भागीरथेनं आईची बाज सावलीत ओढली. खलातली कुटलेली सोप तिनं परत डब्यात टाकली, अर्धी सांडली. आवारातलं झाड तसंच उभं होतं, त्याच्यावर वीस-बावीस आंबे होते, चांगले मोठे. पुढच्या वर्षी जास्त येतील. चिंधू असता तर म्हणाला असता, झाड आता लागतं झालं. चिंधू मागच्या पौषात गेला. आणि असता तरी काडी कुठून आणायची होती?

"घागरीवर खरबूज ठेवजो," रुख्माबाई म्हणाल्या. "दरवर्सीवानी."

"ठेवते."

"अन या आंब्याचा रस कर जावयाले. झाडानं काय केलं."

ती बाजेपाशी आली. पातेल्यातला चीक दगड झाला होता. तिनं उलथणं खुपसून पाहिलं, ते उभंच राहिलं. पातेलं उचलून तिनं गाईपुढं नेऊन ठेवलं, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पिशवी घेतली. चौकात चंद्रभान पवनारच्या वाळूतली खरबुजं घेऊन बसतो आणि बारा वाजता उठतो. त्याच्याकडून एक खरबूज आणायचं होतं.